इंटरनेटमुळे स्वस्तात खरेदी करणे खरोखर सोपे झाले आहे का?

इंटरनेटमुळे ग्राहकाला स्वस्त वस्तू मिळवणे खरोखर सोपे झाले आहे, की केवळ तसा भास होतो, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते शोधणे निःसंशय सोपे झाले आहे. अवघड झाले आहे ते सापडलेली वस्तू स्वस्त आहे की नाही हे ओळखणे. पूर्वी ‘कुठे मिळेल’ हे कळले की काम भागत असे. आता ‘केव्हा घ्यावी’ आणि ‘स्वस्त म्हणजे कशापेक्षा स्वस्त’ हे दोन प्रश्न सोडवावे लागतात. गेली वीसेक वर्षे मी या नादात बरेच तास घालवले आहेत (घरच्यांच्या मते ते वाया घालवले आहेत), म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली एका निबंधात एक साधी गोष्ट मांडली होती. एकाच बाजारात एकाच वस्तूचे वेगवेगळे भाव टिकून राहतात, कारण भावांची चौकशी करण्यालाही वेळ आणि श्रम पडतात. आणखी एका दुकानात जाऊन जेवढे वाचेल त्यापेक्षा पायपीट महाग वाटू लागली की गिऱ्हाईक चौकशी थांबवते, आणि महाग विकणाऱ्याचेही त्यामुळे चालून जाते. आपण सगळे पूर्वी तिसऱ्या-चौथ्या दुकानात थांबत होतो ते याच हिशेबाने. इंटरनेटने ही चौकशी जवळजवळ फुकट केली. १९९५ साली ‘बार्गेनफाइंडर’ नावाचा एक प्रयोग झाला. संगीताच्या सीडीचे नाव दिले की तो निरनिराळ्या ऑनलाइन दुकानांतले तिचे भाव गोळा करून समोर ठेवत असे. त्यापुढची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते: काही दुकानांनी या प्रोग्रॅमला आपल्याकडे येण्यास चक्क मज्जाव केला. ग्राहकाला तुलना हवी आणि विक्रेत्याला ती नको, ही रस्सीखेच तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

त्या काळी अनेकांना वाटत होते की आता सगळीकडे एकच भाव होईल. तसे झाले नाही. ब्रिन्यॉल्फसन आणि स्मिथ या दोन अभ्यासकांनी पुस्तके व सीडी यांच्या किमती तपासून २००० साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यानुसार ऑनलाइन किमती नेहमीच्या दुकानांपेक्षा ९ ते १६ टक्क्यांनी कमी होत्या, परंतु ऑनलाइन दुकानांच्या आपापसांतल्या भावांतली तफावतही बरीच मोठी होती. विश्वास, परिचित नाव आणि वस्तू वेळेवर पोहोचण्याची खात्री यांसाठी लोक चार पैसे जास्त मोजायला तयार असतात, आणि यात वावगे काही नाही.

खरा बदल समजून घ्यायचा असेल, तर छापील किमतीच्या चिठ्ठीकडे थोडे मागे वळून पाहावे लागेल. एकोणिसाव्या शतकात मोठ्या दुकानांनी ठरावीक भावाची पद्धत रुजवली. पॅरिसच्या बाँ मार्शे या दुकानाने १८५२ पासून हा मार्ग धरला आणि पुढे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकर या दुकानदाराने तो लोकप्रिय केला. त्यापूर्वी समोरचे गिऱ्हाईक पाहून भाव सांगितला जाई आणि घासाघीस करण्याचे कसब असलेला माणूस फायद्यात राहत असे. चिठ्ठीने ते कसब निरुपयोगी केले. लहान मूल गेले काय किंवा कसलेला व्यापारी गेला काय, भाव एकच.

इंटरनेटवर ही चिठ्ठी कागदाची राहिली नाही, आणि ती बदलायला काहीच खर्च येत नाही. प्रतिस्पर्ध्याचा भाव, शिल्लक माल आणि मागणी पाहून प्रोग्रॅम दिवसातून अनेकदा किंमत बदलतात. हे यंत्र किती आंधळे असू शकते याचा एक मासला २०११ साली दिसला. अ‍ॅमेझॉनवर माशीच्या जडणघडणीवरचे एक जुने शास्त्रीय पुस्तक दोन विक्रेत्यांनी ठेवले होते. एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यापेक्षा किंचित कमी भाव लावत होता, तर दुसऱ्याचा प्रोग्रॅम पहिल्याच्या भावाला सुमारे १.२७ ने गुणत होता. रोज थोडे थोडे करत त्या पुस्तकाची किंमत दोन कोटी तीस लाख डॉलरच्याही वर गेली, आणि तोवर कोणा माणसाचे तिकडे लक्ष गेले नाही. माणूस पाहून भाव ठरवण्याची भीतीही जुनीच आहे. २००० साली त्याच कंपनीने डीव्हीडींच्या किमतींचा एक प्रयोग केला, त्यात वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळे भाव दिसत होते. ग्राहकांनी आपापसांत तुलना केल्यावर ते उघडकीस आले आणि कंपनीला फरकाचे पैसे परत करावे लागले.

म्हणूनच मी म्हणतो की भाव आता जागेपेक्षा वेळेनुसार अधिक बदलतो, आणि ग्राहकाच्या हाती आलेले सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे किमतीचा इतिहास. ‘कॅमलकॅमलकॅमल’ किंवा ‘कीपा’ यांसारख्या सेवा एखाद्या वस्तूची किंमत गेल्या काही महिन्यांत किंवा वर्षांत कशी हलली याचा आलेख दाखवतात. सूट किती टक्के आहे हे वाचण्याआधी मी हा आलेख पाहतो, आणि अनेकदा असे आढळते की ज्या किमतीवर काट मारून सवलत जाहीर केली आहे, त्या किमतीला ती वस्तू फार थोडे दिवस विकली जात होती, किंवा सेलच्या जरा आधीच भाव चढवलेला होता. काट मारलेला आकडा आपल्यावर परिणाम करतो, कारण आधी दिसलेल्या संख्येभोवतीच आपला अंदाज घोटाळत राहतो. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ सालीच हे दाखवून दिले होते. युरोपीय संघाने तर मे २०२२ पासून असा नियम लागू केला आहे की किंमत कमी केल्याची जाहिरात करताना मागच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत आधीची किंमत म्हणून दाखवावी. कायद्याला यात लक्ष घालावे लागले, यावरून ही युक्ती किती सर्रास वापरली जात असेल याची कल्पना येते.

याउलट, जिथे इंटरनेटने ग्राहकाचे निर्भेळ भले केले असे मला वाटते ते क्षेत्र म्हणजे वापरलेल्या आणि उत्पादन बंद झालेल्या वस्तूंचे. ईबे ही ऑनलाइन लिलावाची वेबसाइट १९९५ साली सुरू झाली तेव्हा त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू एक मोडका लेझर पॉइंटर होती. मोडकी वस्तूही कोणाला तरी हवी असते, फक्त ती ज्याच्याकडे आहे आणि ज्याला हवी आहे अशा दोघांची गाठ पडायला हवी, आणि इंटरनेटपूर्वी अशी गाठ पडणे जवळजवळ अशक्य होते. माझ्याकडे एक जुना रेडिओ आहे. त्याचे आवाज कमी-जास्त करण्याचे बटण तुटले, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने हा भाग आता मिळणार नाही असे सांगून हात झटकले होते. कोणीतरी तसाच एक बंद पडलेला रेडिओ सुटा करून त्याचे भाग विकत होता, त्याच्याकडे मला ते बटण मिळाले. एका बटणापायी अख्खी वस्तू टाकून द्यावी लागली नाही, यापेक्षा किफायतशीर खरेदी मी आयुष्यात केलेली नाही.

अर्थात या बाजारात फसगतही अधिक. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण देऊन दाखवले होते की वस्तूचे दोष फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असतील, तर खराब माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावू शकतो. विक्रेत्याला मिळणारे तारे आणि अभिप्राय हा त्यावरचा तोडगा होता. तो काही काळ चांगला चालला. मग अभिप्रायही विकत मिळू लागले. आता मी पाच ताऱ्यांच्या स्तुतीपेक्षा तीन ताऱ्यांची तक्रार लक्षपूर्वक वाचतो, कारण तीत वस्तूविषयी काहीतरी ठोस असण्याची शक्यता जास्त असते.

शेवटच्या पायरीवर वाढणाऱ्या रकमेबद्दलही सांगायला हवे. घरपोच पाठवण्याचा खर्च, हाताळणीचे शुल्क, मोफत डिलिव्हरीसाठी घालून दिलेली किमान रक्कम आणि ती गाठण्यासाठी घेतलेली नको असलेली वस्तू, हे सगळे धरले की पुष्कळदा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा प्रकार होतो. माझी मोठी चूक मात्र वेगळीच होती. कॅमेऱ्याची एक लेन्स मला इतरांपेक्षा खूपच कमी भावात सापडली, आणि आपण फार हुशारी केली या आनंदात मी ती घेतली. दोन महिन्यांनी ती बिघडली तेव्हा कळले की ती अधिकृत वितरकाकडून आलेली नसल्याने कंपनीची वॉरंटी तिला लागूच नव्हती. विक्रेत्याच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत ते लिहिलेले होते, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?

कूपन आणि कॅशबॅक यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही: आयते मिळाले तर वापरावे, पण त्यांच्यासाठी आपली खरेदीची सगळी माहिती देऊन टाकत आहोत हे ध्यानात ठेवावे. गंमत अशी की घासाघीस मात्र मागच्या दाराने परत आली आहे. वस्तू कार्टमध्ये टाकून पैसे न भरता निघून गेल्यास काही विक्रेते दोन-तीन दिवसांत सवलतीचा निरोप पाठवतात. दुकानातून उठून चालू लागण्याचा जुना डावच हा, फक्त आता मागून हाक ईमेलने येते.

माझी आजची पद्धत तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. वस्तू घ्यायची ठरली की मी आलेख पाहून, सर्व खर्च धरून, किती रकमेला ती घेईन हे आधीच लिहून ठेवतो, आणि भाव तिथवर उतरला की कळवणारी सूचना लावतो. सेलच्या जाहिराती त्यानंतर वाचत नाही. किरकोळ वस्तूंसाठी यातले काहीच करत नाही, कारण तिथे माझा वेळ वाचणाऱ्या पैशांपेक्षा महाग पडतो. खरेदी झाल्यावर परतीची मुदत संपण्याआधी एकदा भाव पाहतो, कारण तो बराच उतरला असेल तर न उघडलेली वस्तू परत करून पुन्हा मागवता येते. मुदत संपली की त्या वस्तूचे पान मी उघडत नाही आणि लावलेली सूचनाही बंद करून टाकतो.