सात कोअर मोकळे असताना केवर्कर एकाच कोअरला का चिकटून बसतो?

तुमच्या लिनक्स लॅपटॉपवर केवर्कर/०:१ हा थ्रेड, म्हणजे कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) मागची कामं करणारा एक वर्कर, कोअर ० सतत १०० टक्के खातोय, बाकीचे सात रिकामे. मग कर्नल काम वाटून का देत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात, बाणेरला, स्टोरेज ड्रायव्हर लिहितो. वर्कक्यूशी, म्हणजे कर्नलच्या नंतर करायच्या कामांच्या रांगांशी, रोजचा संबंध आहे.

हार्डवेअरने हाक मारली (इंटरप्ट) की लगेच धावणाऱ्या कोडला, म्हणजे इंटरप्ट हँडलरला, झोपता येत नाही. तो निकडीचं तेवढं उरकतो आणि उरलेलं वर्कक्यूत टाकतो. ते काम सहसा ज्या कोअरवर रांगेत लागलं तिथेच चालतं, कारण त्याचा डेटा तिथल्या कॅशमध्ये ताजा असतो. नावातला ० म्हणजे तोच कोअर. 'यू' असता तर तो कुठल्याही एका कोअरला न बांधलेला वर्कर.

पूर्वी जवळपास प्रत्येक वर्कक्यू दर कोअरला स्वतःचा एक थ्रेड बाळगायची. मोठ्या मशीनवर बूट होतानाच ३२ हजार पीआयडी (प्रोसेस-थ्रेडना मिळणारे क्रमांक) संपायची वेळ यायची. २०१० मध्ये, २.६.३६ कर्नलात, कर्नल डेव्हलपर तेजुन हिओ यांनी वर्कर सामायिक केले. आता दर कोअरला वर्करांचे दोन गट, म्हणजे पूल, असतात: एक साधा, एक वरच्या प्राधान्याचा. पूलमधला एक वर्कर चालतोय तोवर दुसरा उठत नाही. चालू असलेला डिस्कची वाट बघत झोपला, की शेड्युलर (कोअरवर कोण चालणार ते ठरवणारा कर्नलचा भाग) पूलला कळवतो आणि पुढचा लगेच उठतो. थ्रेड किती हवेत याचा विचार ड्रायव्हर लिहिणाऱ्याला करावाच लागत नाही. कर्नलमधल्या मला सर्वांत आवडणाऱ्या रचनांपैकी ही एक.

अडचण येते न झोपणाऱ्या कामाची. ६.५ कर्नलपासून १० मिलिसेकंदांहून जास्त वेळ सीपीयू धरून बसलेलं काम 'एक वर्कर चालतोय' या हिशेबातून वगळलं जातं, म्हणजे दुसरा वर्कर उठतो आणि मागची रांग अडत नाही. पण ते काम दुसऱ्या कोअरवर मात्र जात नाही.

आता तुमचा थ्रेड. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या पीएस कमांडच्या यादीत नावापुढे बघा, ४.१८ कर्नलपासून तिथे वर्कक्यूचं नावही दिसतं. 'केएसीपीआयडी' असेल तर एसीपीआयचे, म्हणजे पॉवर, झाकण, बॅटरी वगैरे सांभाळणाऱ्या व्यवस्थेचे, इंटरप्ट वाहताहेत. हे काम कर्नल मुद्दाम कोअर ० वरच टाकतो, कारण काही मशीनचं फर्मवेअर (बोर्डावरच बसवलेलं सॉफ्टवेअर) इतर कोअरवरून चालवलं तर मेमरी बिघडते. सिसएफएसमध्ये (/sys या फोल्डरात) फर्मवेअर, त्यात एसीपीआय, त्यात इंटरप्ट्स या फोल्डरमध्ये कुठल्या जीपीईचा (एसीपीआयच्या एका सूचना-वाटेचा) आकडा भराभर वाढतोय ते शोधा. आधी बायॉस अपडेट करा. तो जीपीई बंद करणं हा शेवटचा उपाय, कारण झाकण किंवा बॅटरीच्या सूचना त्याच वाटेने येत असतील तर त्याही थांबतील.

नाव वेगळंच निघालं तर ते इथे लिहा, पुढचं बघू.