जॉइंटचा धनी कोण?

प्रश्न : काका, मी मकरपुरा जीआयडीसीत एका फॅब्रिकेशन कारखान्यात प्लॅनिंगला आहे. फ्रान्समधल्या 'इटर' या फ्यूजन (अणू एकत्र जोडून ऊर्जा काढायच्या) प्रकल्पाची सुरू व्हायची तारीख २०२५ वरून २०३४ वर गेली. आमची डिलिव्हरी आठवडाभर हुकली तरी गिऱ्हाईक दंड कापतं. सात भागीदार, एवढे तज्ज्ञ, मग असं कसं होतं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : पोरी, तुझं गिऱ्हाईक दंड कापू शकतं, फरक तिथेच आहे. इटरच्या २००६च्या करारात भागीदारांनी मुख्यतः पैसे नाही, वस्तू द्यायच्या ठरल्या. युरोपचा वाटा जवळपास निम्मा, बाकी सहा देशांचा साधारण नऊ-नऊ टक्के. कारखान्याला ऑर्डर देते त्या त्या देशाची संस्था. फ्रान्समध्ये कादराशला, म्हणजे प्रकल्पाच्या जागी, बसलेल्या मुख्य संस्थेने फक्त जोडायचं. पंगतीतला एकेक पदार्थ एकेका भाऊबंदाने घरून करून आणला आणि वरण खारट निघालं, तर यजमान बोलणार कुणाला?

आपल्या भारताच्या वाट्याचा क्रायोस्टॅट, म्हणजे अख्ख्या यंत्राभोवतीचं पोलादी भांडं, सुरतजवळ हजिऱ्यात झाला. ३,८५० टन, ५४ तुकड्यांत गेला आणि तिथे वेल्ड झाला. त्याचा १,२५० टनांचा तळ मे २०२०मध्ये यंत्राच्या खड्ड्यात उतरलासुद्धा. (अभिमान वाटतो, लपवत नाही.) घोळ आतल्या व्हॅक्यूम व्हेसलमध्ये, म्हणजे जिथे फ्यूजन व्हायचं त्या निर्वात भांड्यात निघाला. नऊ सेक्टर, प्रत्येकी ४४० टन, काही कोरियाचे, काही युरोपचे. कडांची मापं जुळेनात. शिवाय थर्मल शील्डच्या, म्हणजे गार चुंबकांना उष्णतेपासून जपणाऱ्या पडद्याच्या, पाइपांना तडे. पाइप वाकवताना-वेल्ड करताना आलेला ताण आणि वेल्डजवळ राहून गेलेलं क्लोरीन, हे कारण निघालं.

ते वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तीसेक वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणीला होतो. स्टेनलेसचा एक्स्चेंजर, उद्या डिस्पॅच आणि डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचा टँकर आला नाही. क्लोराइड असलेलं बोअरचं पाणी भरून हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) उरकली. प्रेशर धरलं, पाणी सोडलं, तळात वाटीभर राहिलं असेल. आठ महिन्यांनी साइटवर डीपी टेस्ट (रंग मुरवून तडे शोधायची) केली, तर वेल्डशेजारी पांढऱ्या डेव्हलपरवर बारीक लाल फांद्या उमटत गेल्या. रिपोर्टात क्लोराइडचा रकाना होता. त्यात 'ओके' मीच लिहिलं होतं. प्रॉडक्शनला वाटलं पाणी क्यूसी बघेल, मला वाटलं टँकर स्टोअर बघेल.

इटरवाल्यांना उशिराबद्दल मी नावं ठेवणार नाही. मे २०२२मध्ये खड्ड्यात उतरवलेलं अख्खं मॉड्यूल (एक सेक्टर, त्याची शील्ड आणि चुंबकं यांचा जोडलेला संच) त्यांनी जुलै २०२३मध्ये परत वर काढलं. त्याला छाती लागते. २०२४च्या नव्या वेळापत्रकात काही चुंबकांची कॉइल बसवण्याआधी गार करून तपासायचंही ठरलं. खर्च सुमारे पाच अब्ज युरोंनी वाढला, ड्यूटेरियम-ट्रिटियम हे खरं इंधन घालून चालवणं थेट २०३९ला. माझा राग आहे तो २०२५ची जुनी तारीख इतकी वर्षं भिंतीवर टांगून ठेवण्यावर. तारीख खोटी असली की खालचा प्रत्येक जण टँकरची वाट न बघता बोअर चालू करतो.

तुझं रिस्क रजिस्टर, म्हणजे काय बिघडू शकतं आणि ते कोण बघणार याची यादी, उघड. दोन व्हेंडरचे भाग जिथे जुळतात त्या ओळी बघ. 'जबाबदार'च्या रकान्यात 'प्रोजेक्ट टीम' लिहिलेलं असेल तर खोडून एका माणसाचं नाव घाल आणि त्याची सही घे. कुरकुर होईल. आणि टँकर आला नाही तर टेस्ट पुढे ढकल, दंड भरू दे मालकाला.