हात निखळला, तो दोष की सोय?

प्रश्न : ताई, थोरल्या भावाने पन्नाशीची भेट म्हणून ऑप्टिमस प्राइम पाठवला, 'ट्रान्सफॉर्मर्स' खेळण्यांतला ट्रकचा रोबो होणारा. 'मास्टरपीस' मालिकेतला, एमपी-10. लहानपणी आमच्याकडे तो नव्हता, शेजारच्या मुलाकडे होता, त्यामुळे भेटीमागचं कारण विचारावं लागलं नाही. भावाची अट एकच : खेळून झालं की कसा आहे ते खरंखरं लिहून पाठव. मी लिहिलंय ते असं : 'रोबो देखणा. ट्रकही देखणा. रंग स्वच्छ, सांधे घट्ट. बदलायला अवघड. एक हात निखळला. दहापैकी साडेसात.' ट्रकचा रोबो करायला मला पाऊण तास लागला आणि शेवटी डावा हात माझ्याच हातात आला. साडेसात बरोबर आहेत का? आणि हात निखळला हा दोष म्हणून लिहायचा का?

उत्तर : साडेसात आधी खोडा, त्याकडे नंतर वळू. अगोदर हाताचं बघू, कारण तुमची झोप त्यापायीच उडाली असणार.

हात नेमका कुठून सुटला ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं उत्तर तिथेच आहे. सुटलेल्या टोकाला गुळगुळीत गोळा दिसतोय आणि समोर त्याच मापाची वाटी? मग काहीही तुटलेलं नाही. गोळा-वाटीचा सांधा जास्त जोर आला की मोडण्याऐवजी निसटतो, हाच त्याचा गुण. सरळ धरून दाबा, टक्कन बसेल. तो दोष नव्हे, सोय आहे. धातूची बारीक खीळ अर्धी बाहेर आली असेल तर ती तिरकी न होऊ देता हळूहळू आत ढकला, हातोडी नको. पण कड खरखरीत असेल आणि आजूबाजूला प्लास्टिक पांढुरकं पडलं असेल, तर मात्र ते मोडलंय. तेव्हाही लगेच 'दोष' लिहू नका. माहितीपत्रकातल्या कोणत्या पायरीवर मोडलं, आणि ती पायरी उलटी तर झाली नव्हती ना, हे आधी स्वतःला विचारा.

मी हे शहाजोगपणाने सांगत नाही. सव्वीस वर्षं मी अभियांत्रिकी आरेखन शिकवलं. बिजागरी कोणत्या बाजूला उघडेल हे कागदावर बघून सांगणारी बाई मी, आणि एका गाडीच्या पुढच्या काचेची बिजागरी मीच मोडली आहे. पारदर्शक प्लास्टिक रंगीत प्लास्टिकइतकं लवचीक नसतं, खीळ त्याच्यातून जात असेल तर तिथे ते सरळ तडकतं. मला हे माहीत होतं. पण जेवणाची वेळ झाली होती, घाई होती, 'बसतंय बसतंय' म्हणत अंगठा दाबला. त्या रात्री वहीत मी त्या खेळण्याला चार गुण दिले. दोन दिवसांनी ते खोडून लिहिलं : चूक माझी, खेळण्याचं अजून बघितलेलंच नाही.

आता तुमच्या लिखाणाकडे. त्यात रोबो आहे, ट्रक आहे, मधला पाऊण तास नाही. तो 'बदलायला अवघड' या दोन शब्दांत गेला. अहो, नुसता देखणा रोबो हवा असता तर भावाने पुतळा पाठवला असता. आणि देखणा ट्रक हवा असता तर त्याहून देखणे ट्रक मिळतात. या खेळण्याचं जे काही आहे ते मधे आहे. डोकं कुठे लपतं, ट्रकचं तोंड छाती कधी होतं, कोणता तुकडा दोन्ही रूपांत कामाला येतो आणि कोणता नुसता पाठीवर गाठोड्यासारखा लटकतो. या गाठोड्याला छंदी मंडळींत 'किबल' म्हणतात. तुम्ही नुसतं 'गाठोडं' म्हणालात तरी भावाला कळेल.

शेजारच्या मुलाकडे होता तो 1984चा. तो मुळात ऑप्टिमस नव्हताच. जपानच्या ताकारा कंपनीची 'डायाक्लोन' नावाची मालिका होती, त्यातले रोबो माणसं चालवत. बोटाच्या पेराएवढे चालक असत त्यांचे. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ते साचे घेतले, रोबोंना नावं आणि स्वभाव दिले आणि चालकांना रजा दिली. म्हणूनच त्या जुन्या ऑप्टिमसच्या छातीच्या काचा उघडतात आणि आत चालकासाठी जागा दिसते, जिथे कोणी बसायला येत नाही. मला त्या रिकाम्या जागेचं अजून वाईट वाटतं. असो. त्याच्या मुठी वेगळ्या असायच्या, रोबो केला की वरून खोचायच्या. त्यामुळे पुष्कळ जुन्या ऑप्टिमसना आज मुठी नाहीत. शेजारच्या मुलालाही शोधायला लावल्या असतील त्याने. रूपांतर मात्र मोजक्या हालचालींत व्हायचं, डोळे मिटून जमावं असं.

पुढे 2003 साली मास्टरपीस मालिका सुरू झाली, तीही ऑप्टिमसनेच. तो जवळजवळ फूटभर उंच आणि धातूमुळे चांगलाच जड होता. तुमचा एमपी-10 आला 2011 मध्ये. तो मुद्दाम लहान केला, म्हणजे त्याच मालिकेतल्या गाड्या शेजारी उभ्या केल्या तर प्रमाणात दिसाव्यात. सोबत ट्रेलरही दिला. 2019 चा एमपी-44 आणखी वेगळ्या वाटेने गेला. रोबो कार्टूनमधल्यासारखा दिसावा म्हणून ट्रकच्या खुणा पट्ट्यापट्ट्यांनी दुमडून लपवल्या, आणि बदलताना त्या सगळ्या उलगडाव्या लागतात. ट्रक तोच, पण प्रत्येक वेळी काहीतरी मिळवायला दुसरं काहीतरी सोडलं आहे. कुठे दिसणं राखायला सोपेपणा सोडला, कुठे वजन राखायला हालचाल. परीक्षण लिहिताना मी एवढंच शोधते : खेळणं आखणाऱ्या माणसाने काय राखलं, आणि त्यासाठी काय सोडलं? माझं मत विचाराल तर कोपरावर फट राहिली तरी चालेल, पण ट्रकच्या खऱ्या काचा आत लपवून रोबोला वेगळी खोटी छाती लावलेली मला खपत नाही. ट्रकची काच हीच छाती, ही मुळातली गंमत आहे. तीच नकली केली तर मग ट्रक बनायचं कशाला?

तर करा असं. हात बसवून घ्या आणि रोबोचा ट्रक, ट्रकचा रोबो, असं तीन वेळा करा. तीन वेगवेगळ्या दिवशी, टेबलावर टॉवेल पसरून (सुटलेली खीळ फरशीवर पडली तर ती गेलीच समजा). पहिल्यांदा पत्रक समोर ठेवून. दुसऱ्यांदा पत्रक जवळ, पण अडल्यावरच बघायचं. तिसऱ्यांदा पत्रक खोक्यात. पहिल्या दिवशी जे अवघड गेलं त्यातलं बरंचसं तुमच्या हाताचं होतं. तिसऱ्या दिवशीही जे अडलं ते खेळण्याचं, आणि तेवढंच दोष म्हणून लिहा. नखं आदल्या दिवशी कापू नका, पट्ट्या उचकटायला लागतात.

तिसऱ्या वेळी कानही उघडे ठेवा. काही सांध्यांत दातेरी चाक असतं, ते कट्‌कट् आवाज करत ठरावीक जागी थांबतं. जड रोबोच्या कंबरेला असा सांधा असणं चांगलं. काही सांधे नुसते घर्षणावर टिकतात, ते आज घट्ट आहेत म्हणून पाच वर्षांनी असतीलच असं नाही. त्यामुळे तुमच्या 'सांधे घट्ट'ला अजून काही अर्थ नाही. ट्रक झाल्यावर टपावर तळहात ठेवून हलकेच दाबा आणि टेबलावर ढकला. पट्ट्या सुटत नसतील, चाकं सगळी टेकत असतील, तर जोडणी चांगली. रंगवलेला भाग दुसऱ्यावर घासतो का, तेही उजेडात बघा. मग जे लिहाल त्याला गुण द्यायची गरजच उरणार नाही. तुमचा भाऊ साडेसात वाचायला थांबलेला नाही. डोकं कसं वर येतं ते त्याला तुमच्याकडून ऐकायचं असेल.

हात गोळ्याचा निघाला की खिळीचा, ते मला कळवा.

प्रश्न : मामाच्या कपाटात 1988च्या सुमाराचा एक सोनेरी रोबो सापडला, खोक्यासकट. परीक्षण लिहिण्यासाठी एकदा तरी रूपांतर करून बघू ना?

उत्तर : नका. आधी सोनेरी रंग कसला ते बघा. वरून चकाकी चढवली असेल तर ती खरवडेल, पण आतलं प्लास्टिक बहुधा ठीक असेल. प्लास्टिकमध्येच सोनेरी कण मिसळून ओतलं असेल, म्हणजे आतल्या बाजूलाही भोवऱ्यासारख्या सोनेरी रेषा दिसत असतील, तर हात लावू नका. हे प्लास्टिक वर्षांगणिक ठिसूळ होतं आणि खिळीपाशी बिस्किटासारखं भुगा होतं. न खेळता ठेवलं तरीही. आहे त्या रूपात ठेवा, आहे त्या रूपाचंच लिहा.

प्रश्न : माझा 1985चा जेटफायर (विमानाचा रोबो होणारा ट्रान्सफॉर्मर) पिवळा पडलाय. पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरा होतो म्हणतात. करू का?

उत्तर : होतो. पण पुष्कळदा काही काळाने पुन्हा पिवळा पडतो, स्टिकर निघतात, आणि खिळी न काढता बुडवलात तर त्या गंजतात. तुम्हाला तो मुळात पांढरा होता हे आठवतंय, एवढं पुरेसं नाही का? माझा पिवळाच आहे.