शॅडो टीचरचा कोर्स नंतर विचारा, आधी तिची खुर्ची बघा

तुमचा प्रश्न असा: तुमच्या दुसरीच्या वर्गात स्वमग्न मुलगा आहे, पालक शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्या एकट्यासोबत बसून मदत करणारी बाई, ठेवायला तयार आहेत, तर तिने कोणता कोर्स केलेला असावा आणि ती दिवसभर असावी की अर्धा वेळ?

कोर्सचं लगेच उरकून टाकू. विशेष शिक्षणातली पदविका असेल तर चांगलंच, पण गप्प बसता येणारी बाई त्याहून कामाची, आणि हा गुण कुठल्याही प्रमाणपत्रावर छापलेला नसतो. खटकलं ते तुमचं पुढचं वाक्य: 'ती आली की मला बाकीच्या मुलांकडे बघता येईल.' इथेच गाडी घसरते.

गणिताचा तास घ्या. तुम्ही म्हणता, 'वही काढा, तारीख घाला, फळ्यावरची पाच उदाहरणं उतरवा.' एका दमात तीन सूचना. मुलाने मान वर करायच्या आत शेजारून आवाज येतो, 'चल, वही काढ.' दोन सेकंदांत, 'निळी वही, निळी.' मग तिचाच हात दप्तरात जातो. मुलगा सात लिहितो, ती म्हणते, 'नीट बघ हं,' तो खोडतो, तिच्या चेहऱ्याकडे बघत आठ लिहितो, तिची मान हलली की पुढच्या उदाहरणाकडे. तासाअखेर पाचही उदाहरणं बरोबर आणि वही स्वच्छ. पालकांनाही वही बघून बरं वाटतं. मुलगा मात्र त्या तासात एवढंच पक्कं शिकला की समोरच्या बाई बोलल्या तर काही करायचं नसतं, शेजारचा आवाज येईपर्यंत थांबायचं असतं. याला प्रॉम्प्टवर, म्हणजे दुसऱ्याच्या इशाऱ्यावर, अवलंबून राहणं म्हणतात. महिनाभर चाललं तर सवय होते, वर्षभर चाललं तर लोक त्याला मुलाचा स्वभाव म्हणायला लागतात.

हे काही माझं खासगी दुखणं नाही. मायकेल जियानग्रेको आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये अमेरिकेतल्या वर्गांचा अभ्यास केला. मदतनीस सतत चिकटून असल्याने होणारे 8 प्रकारचे तोटे त्यांनी नोंदवले. पहिला, वर्गशिक्षक मूल आपलं मानत नाहीत. शिवाय मूल सोबत्यांपासून तुटतं आणि मोठ्यांवर विसंबतं. मदतनीस बाई असल्यामुळे मुलग्यालाही मुलींच्या स्वच्छतागृहात नेलं जातं, हेही त्या यादीत आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या 2003 ते 2009 च्या मोठ्या पाहणीत तर सारख्याच पातळीच्या मुलांपैकी मदतनीसांचा आधार जास्त मिळालेल्यांची प्रगती कमी दिसली. दोष मदतनीसांचा नव्हता. त्यांना आयत्या वेळी वर्गात ढकललं जायचं, आणि मग त्या शिकण्यापेक्षा काम पुरं करून घेण्याच्या मागे लागायच्या.

आता करायचं काय? पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. रोज घडणाऱ्या दोनच गोष्टी निवडा, समजा वही काढणं आणि तास संपल्यावर सामान आवरणं. प्रत्येकीचे पाच-सहा तुकडे पाडा: दप्तर उघडणं, वही ओळखणं, बाकावर ठेवणं, कोरं पान काढणं, पेन्सिल घेणं. प्रत्येक तुकड्यासमोर एकच अक्षर घालायचं: स्वतः केलं तर 'स्व', चित्र बघून केलं तर 'चि', खुणेने 'ख', शब्दांत सांगून 'श', हात धरून 'ह'. शुक्रवारी कागद बघा. 'श'ची रांग लागलेली असेल, बहुतेक लागतेच, तर रोग तोच.

बोलून दिलेली मदत सगळ्यात निरुपद्रवी वाटते आणि काढून घ्यायला सगळ्यात अवघड जाते, कारण ती द्यायला कष्ट पडत नाहीत आणि देणारीला आपण दिली हेच कळत नाही. म्हणून आधी तोंड बंद. त्या जागी बाकावर चार-पाच चित्रांची पट्टी चिकटवा. शॅडो बाई बोट ठेवतील तेही पट्टीवर, मागून, न बोलता. पट्टी वर्षभर राहिली तरी बिघडत नाही, आपणही यादी बघून कामं करतोच.

तुम्ही सूचना दिल्यावर बाईंनी मनात एक ते पाच मोजायचं. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं सुधारतात. ही सर्वसाधारण वर्गांतली गोष्ट, या मुलाला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. पाचला हालचाल सुरू झाली नाही तर सगळ्यात हलकी मदत, मग पुन्हा पाच, मग त्यावरची. पण हा क्रम येत असलेल्या कामासाठी. काम पूर्ण नवं असेल तर उलटं चाला: आधी भरपूर मदत, मग एकेक पायरी कमी. नव्या कामात हलक्या मदतीपासून सुरुवात केली की मूल चुकांचाच सराव करतं. हा फरक न कळल्यामुळे 'तुमची पद्धत आमच्याकडे चालली नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

खुर्ची शेजारून काढून तिरकी मागे, हाताच्या अंतरावर. दहापैकी आठ वेळा 'स्व' किंवा 'चि', असे सलग तीन दिवस दिसले की दोन मीटरवर. तिथेही टिकलं की वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, इतर मुलांच्या वह्या बघायला. एका वेळी एकाच विषयाच्या तासाला हलवा. आकडा घसरला तर एकच पायरी मागे या, थेट शेजारी नको.

बिघडतं कुठे? खुर्ची हलते, आवाज हलत नाही: तिसऱ्या रांगेतून 'निळी वही' येतंच राहतं. किंवा तुम्हीच बाईंना म्हणता, 'त्याला पान काढायला सांगा.' मुलाशी नाव घेऊन, त्याच्यासमोर उभं राहून, एका वेळी एकच सूचना देऊन तुम्ही बोला. त्याने आरडाओरडा केला की बाई त्याला बाहेर फिरवून आणतात, ही तिसरी खोट. काम नको म्हणून ओरडत असेल तर ओरडलं की सुटका होते हे तो दोन दिवसांत शिकतो. काम अर्धं करा, 'थांबायचंय' असं कार्ड हातात द्या, आणि ओरडण्याआधी कार्ड दाखवलं की लगेच सुट्टी द्या. पहिल्या काही दिवसांत ओरडणं वाढेल. त्याच वेळी हार मानली तर जास्त ओरडायचं शिक्षण आपणच दिलं.

'तीस मुलं सांभाळू की याला एकट्याला?' हा शिक्षकांच्या खोलीतला लाडका सवाल. माझं उत्तर कुणालाच आवडत नाही: स्वाध्यायाची दहा मिनिटं तीस मुलं बाईंकडे द्या आणि याच्याजवळ तुम्ही बसा. वर्गात ज्याला शिकायला सगळ्यात जड जातं, त्याला सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाच्या हवाली करायचं, हा न्याय मला आजवर कुणी पटवून दिलेला नाही.

हे सगळ्या मुलांना सरसकट लावू नका. फिट येत असतील, गिळायला त्रास असेल, वर्गातून पळून जाण्याची सवय असेल, स्वतःला इजा करत असेल, तर बाई जवळच हवी आणि तिथे वरचे पाच सेकंद लागू नाहीत. कर्णबधिर मुलाचा सांकेतिक भाषेचा दुभाषी ही तर वेगळीच भूमिका, तो मुलाला दिसेल असाच उभा राहणार. आणि तुमच्या मुलाचं बोलणं अजून आलं नसेल तर त्याचं संवादाचं साधन, चित्रांची वही असो की टॅब्लेट, कायम हाताशी हवं. ती मदत कमी करायची नसते.

दिवसभर की अर्धा वेळ, हे पहिल्या आठवड्याच्या कागदावरूनच ठरवा: ज्या तासांना 'स्व' आणि 'चि' भरपूर आहेत तिथे ती नको. ठरल्यावर मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात तीन ओळी घाला: कोणत्या कामात मदत, कोणत्या कामात अजिबात नाही, आणि खुर्ची पुन्हा केव्हा हलवायची ती तारीख. बाईंशी आठवड्यातून पंधरा मिनिटं बसून तो कागद वाचा, मुलाच्या पालकांसमोर वाचलात तर अजून बरं, कारण खुर्ची लांब गेल्यावर 'आम्ही पैसे कशाचे देतोय' हा फोन त्यांचाच येणार आहे.