पुण्याजवळ स्काउट पथकातील मुलांना गळाने मासे पकडायला कुठे न्यावे?

माझी पसंती उजनी जलाशयाच्या काठच्या भिगवण परिसराला आहे, कारण तेथे चिलापी (टिलापिया) ही मासळी मुबलक असून ती कणकेच्या गोळीला किंवा गांडुळालाही लागते, त्यामुळे नवशिक्या मुलांचा हिरमोड होत नाही. मात्र धरणातील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असल्याने, आधी एकदा जाऊन संस्थेची परवानगी घ्यावी आणि काठावरच्या मच्छीमारांनाच उतार कुठे सौम्य आहे, गाळ कुठे आहे, हे विचारावे. नकाशापेक्षा त्यांचे सांगणे अधिक भरवशाचे असते. पावसाळा टाळावा. गळाला लागलेला मासा धरताना पाठीवरचा काटेरी पर डोक्याकडून शेपटीकडे हाताने दाबायला शिकवावे, अन्यथा पहिल्याच माशाला तळहातातून रक्त येते. लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवेच, पोहता येणाऱ्यांनासुद्धा.