नाशिकमध्ये रस्त्यात कुणाचं हृदय अचानक बंद पडलं, तर तो माणूस वाचू शकतो का?

वाचू शकतो, पण ते बरंचसं शेजारी उभ्या असलेल्या माणसावर आहे. छाती दाबली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. आणि संध्याकाळी द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीतून रुग्णवाहिका यायला किती वेळ लागतो, ते आपल्याला माहीतच आहे.

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर माझ्यासमोर एक काका चालता चालता कोसळले. कुणी पाणी शिंपडलं, कुणी चप्पल हुंगायला दिली. ते मासोळीसारखं तोंड उघडत होते, म्हणून सगळे म्हणाले, "श्वास चालू आहे." तो श्वास नसतो हो, ते आचके असतात! यातच सगळ्यात जास्त मिनिटं वाया जातात. शेवटी एका नर्सताईंनी गर्दी सारून छाती दाबायला घेतली.

हाक मारून, हलवून माणूस हलत नसेल आणि श्वास नीट नसेल, तर एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, कोपर ताठ धरून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहावं. दमलात की माणूस बदला. बरगडी मोडेल म्हणून थांबू नका, बरगडी जुळते.