विधानसभेत नदी, पाणी, शेतीभातीचे प्रश्न मांडणाऱ्या आमदाराचा गावाला खरंच उपयोग होतो का?

तुमच्या आमदारांच्या कार्यअहवालात नदी प्रदूषण, वाळू उपसा, गायरान अशा विषयांवरच्या तारांकित प्रश्नांची (ज्यांना मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) आणि लक्षवेधींची (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या सूचनांची) लांबलचक यादी छापून आलीय. हे नुसतं दाखवायला असतं की त्यातून काही घडतं, आणि खरं काम कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय.

घडतं. फक्त कार्यअहवालातल्या आकड्यावरून ते कळत नाही. मी काही वर्षं एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात कागदपत्रं बघायचो. साहेबांचं नाव लिहीत नाही आणि नदीचंही नाही, कारण नदी सांगितली की कारखाना कोणता ते आमच्याकडचं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल.

गाळप हंगाम सुरू होता. साखर कारखान्याला डिस्टिलरी जोडलेली. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 15 लिटर स्पेंट वॉश निघतो, आमच्याकडे त्याला सरसकट मळीचं पाणीच म्हणतात. नदीत सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची (म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्या मापाची) मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे आणि कच्च्या स्पेंट वॉशचा बीओडी 40,000 च्या आसपास किंवा वरच. पाण्यातला ऑक्सिजन तो किती झपाट्याने खात असेल, याचा हिशोब तुम्हीच करा. एका सकाळी बंधाऱ्यामागचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं, आणि काठाला मासे तोंड वर काढून तडफडताना दिसले. दुपारपर्यंत खच. पोरांनी बादल्या भरून नेले, मग वास सुटला तसे फेकूनही दिले.

साहेबांच्या पीएने झटपट प्रश्न लिहिला: "कारखान्याने मळीमिश्रित पाणी सोडल्याने नदीतील लाखो मासे मृत्युमुखी पडून हजारो ग्रामस्थांचे आरोग्य धोक्यात आले आहे, हे खरे आहे काय?" पुढे नेहमीचंच: "असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" अधिवेशनात उत्तर आलं: (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

वर्तमानपत्रात "आमदारांनी सभागृहात आवाज उठवला" अशी बातमी आली, फोटोसकट. काम शून्य.

असं उत्तर का आलं, ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. "लाखो मासे" म्हटलं की उत्तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची सुटका झाली. लाख कुणी मोजले? "हजारो ग्रामस्थ" म्हणजे किती, दवाखान्यात नोंद कुठाय? प्रश्नातलं एक विशेषण खोटं ठरलं की पूर्ण वाक्यावर "हे खरे नाही" लिहायला तो मोकळा. आणि पहिलाच भाग खरा नाही म्हटल्यावर बाकीचे आपोआप उद्भवत नाहीत. भाषण ठोकायला विशेषणं चालतात, तारांकित प्रश्नात ती घालणं म्हणजे समोरच्याला पळायला दार उघडून देणं.

पुढचा प्रश्न मी लिहायला घेतला. आधी माहितीच्या अधिकारात कागद मागवले. तलाठ्याचा पंचनामा मिळाला, त्यात मेलेल्या माशांचा उल्लेख होता. पाण्याचे नमुने घेतल्याचा कागद मिळाला. पण अहवालात पाणी जवळपास बरं दिसत होतं! बीओडीच्या चाचणीला तीन दिवस लागतात, आकडा नंतर येतो, तोवर लोक शांत झालेले असतात. आणि आकडा चांगला आला की वर आम्हालाच खोटं ठरवायला मोकळे.

उलगडा झाला तो बंधाऱ्याजवळच्या एका मोटरवाल्याकडून. तो म्हणाला, "नमुने न्यायच्या आदल्या रात्री बरगे काढले की हो. सगळं पाणी खाली गेलं." ज्यांनी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बघितलाय त्यांना हे लगेच कळेल; बरगे म्हणजे पाणी अडवायला त्याच्या गाळ्यांत बसवतात त्या फळ्या. बरगे काढले की मागचं तुंबलेलं पाणी खालच्या गावांच्या माथी जातं, वरून धरणाचं आवर्तन चालू असेल तर ताजं पाणी येतं, आणि सकाळी बाटली भरणाऱ्याला नदी स्वच्छ दिसते.

मग प्रश्न असा केला. अमुक तारखेला अमुक बंधाऱ्याचे बरगे काढण्यात आले, हे खरे आहे काय? असल्यास, कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या कारणास्तव? पाणीवाटप संस्थांना पूर्वसूचना दिली होती काय? त्याच बंधाऱ्याजवळ दुसऱ्या दिवशी पाण्याचे नमुने घेण्यात आले, हे खरे आहे काय? यात कारखान्याचं नाव नाही, मासे नाहीत, आरोग्य नाही. एकही विशेषण नाही. आणि गंमत अशी की हा प्रश्न प्रदूषणवाल्यांकडे गेलाच नाही. बंधारा ज्या खात्याचा, त्या खात्याकडे गेला. त्यांच्याकडे बरग्यांची नोंदवही असते. दुसऱ्या खात्याची लाज झाकण्यासाठी आपल्या वहीत खाडाखोड कोण करेल?

प्रश्न लागला, आणि मंत्री सभागृहात उभे राहायच्या कितीतरी आधी तालुक्यात धावपळ सुरू झाली. "एलएक्यू आलाय" (एलएक्यू म्हणजे विधानसभेतला प्रश्न) हे दोन शब्द सरकारी कार्यालयात उच्चारून बघा. जो कागद महिनोन्महिने सापडत नसतो तो तासाभरात टेबलावर येतो. उत्तर मंत्र्याच्या नावाने जाणार असतं, चुकीचं गेलं तर सभागृहाच्या विशेषाधिकार भंगाचा बडगा, म्हणून खालपासून वरपर्यंत प्रत्येकजण आपली बाजू कागदावर आणून ठेवतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: प्रश्नाचा खरा परिणाम सभागृहात नाही, तो त्याआधी तालुक्याच्या फायलीत होतो.

उत्तर आलं: "हे अंशतः खरे आहे." माहीत नसलेल्याला हे अगदीच फुसकं वाटेल. मी तर त्या दिवशी कार्यालयात पेढे वाटले. नशिबाने प्रश्न पुकारला गेला, नाहीतर तास संपला की उरलेल्यांची उत्तरं नुसती पटलावर ठेवतात. साहेबांनी उपप्रश्न एकच विचारला, की नमुने पुन्हा घेणार का, आणि या वेळी बरगे घातलेले असताना घेणार का. मंत्री हो म्हणाले. सभागृहात मंत्री हो म्हणाले की ते आश्वासन होतं, आणि आश्वासन समिती त्याच्या मागे लागू शकते. पुन्हा नमुने झाले, 1974 च्या पाणी कायद्याच्या कलम 33अ खाली नोटीस निघाली, कारखान्याने सांडपाण्याची तळी दुरुस्त केली. नदी गंगा झाली नाही. पण पुढच्या हंगामात मासे मेले नाहीत.

आता आमचे आप्पा. माझे थोरले चुलते. त्यांचं म्हणणं ठरलेलं: "प्रश्न विचारून नदी धुतली जाते व्हय रं? आमदारानं सभामंडप आणावा, हायमास्ट आणावा, दिसंल असं काहीतरी करावं." त्यांची स्वतःची मोटर त्याच नदीवर. पण साहेब पुढची निवडणूक हरले आणि आप्पांना जन्मभराचा मुद्दा मिळाला. अजून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बाराव्याला मला ऐकवतात, "बघ, प्रश्न विचारणारा पडला." साहेब पडले ते जातीच्या गणितात आणि बंडखोरीत, हे गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. आप्पांनाही.

आणि प्रश्न विचारणारा पडतो म्हणे! सांगोल्याचे गणपतराव देशमुख एकाच मतदारसंघातून 11 वेळा निवडून आले, 1962 पासून 2014 पर्यंत. आयुष्यभर दुष्काळ, पाणी आणि रोजगार हमीवर सभागृहात बोलले. तिथल्या लोकांना हायमास्टचा उजेड नको होता असं थोडंच आहे?

रोजगार हमीवरून तर आप्पांशी माझं कडाक्याचं भांडण झालंय. बहात्तरला त्यांनी खडी फोडली ती दुष्काळी कामावर, पण पुढे पाझर तलावावर दोन-तीन उन्हाळे काढले ते रोजगार हमीचे. ती योजना वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघाली. ते विधान परिषदेचे सभापती होते. 1977 ला तिचा कायदा झाला, आणि मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. पैसा कुठून आणला? 1975 पासून पगारदारांना व्यवसाय कर लावून. आजही तुमच्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात ना, त्याचं मूळ तिथं आहे. पाझर तलाव, नालाबांध, विहिरी त्यातूनच झाल्या, आणि 2005 च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याला वाटही त्यानेच दाखवली. आप्पांच्या विहिरीला आज उन्हाळ्यात जे पाणी आहे ते त्या पाझर तलावाचं. पण तलावावर कुणाच्या नावाची कोनशिला नाही, म्हणून ते आप्पांच्या हिशोबात "काम" नाही.

तुमच्या आमदाराचं कसं तपासायचं? प्रश्न मोजू नका. एकाच विषयावर दहा-पंधरा आमदारांची नावं एकत्र जोडलेली असतात, त्यातला प्रत्येकजण तो आपल्या अहवालात मोजतो. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, त्यातलं उत्तर वाचा. "हे खरे नाही" यांची रांग लागली असेल तर समजा की वर्तमानपत्राची कात्रणं चिकटवून पाठवलेले प्रश्न आहेत. "अंशतः खरे आहे" दिसलं तर थांबा, तिथे कुणीतरी घाम गाळलाय. आणि एकच विषय पुढच्या अधिवेशनात पुन्हा आलाय का, ते बघा. एकदा विचारून सोडून दिलेला प्रश्न मला तरी संशयास्पद वाटतो.

संशयास्पद का, तेही सांगायला हवं. प्रश्न टाकायचा, कारखानदाराचा किंवा वाळूवाल्याचा फोन आला की थंड व्हायचं, हा धंदा चालतो. 2005 च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेतून 11 खासदारांना काढून टाकलं होतं, तेव्हा हे काही माझ्या मनातलं नाही. म्हणजे आप्पांचा संशय अगदीच हवेतला नाही. फक्त त्यावरचा त्यांचा उपाय सभामंडप आहे, तो मला मान्य नाही.

अशासकीय विधेयकांवर, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकांवर, मात्र फार जीव लावू नका. संसदेत शेवटचं मंजूर झालं ते 1970 मध्ये. तरी ती अगदी वाया जातात असं नाही. नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांना क्रूर वागवण्याविरुद्ध राज्यसभेत विधेयक आणलं होतं. सरकार स्वतः कायदा करतंय असं नेहरूंनी सांगितल्यावर त्यांनी ते मागे घेतलं आणि 1960 ला कायदा झाला.

आणखी एक राहिलं. तुमचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारणारच नाहीत, त्यांचा अहवाल या मापाने मोजू नका. तुमच्या नदीचा प्रश्न असेल तर खालच्या अंगाच्या मतदारसंघातल्या आमदाराकडे जा, घाण पाणी त्याच्याकडेही जातंच. किंवा विधान परिषदेतला एखादा सदस्य गाठा. अधिवेशनाच्या तोंडावर जाऊ नका, प्रश्नांच्या सूचना कितीतरी आधी द्याव्या लागतात. निवेदन एका पानाचं, तारखा, पंचनाम्याची प्रत, जावक क्रमांक असा ऐवज सोबत. बंधाऱ्याचे बरगे कधी निघाले तेही लिहून ठेवा, पाणी काळं होईल त्या दिवसापासून.